पण कुणाला कळणार नाही ना?

शाळेतली समुपदेशनाची खोली कुठे आहे ते पाहिलं की ती चालते की नुसतीच आहे, याचा अंदाज येतो. पुष्कळ शाळांत ती मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून असते. आधी स्वागतकक्ष, मग फी भरायची खिडकी, मग मोठ्या सरांचं दार आणि त्याच्या शेजारी चकचकीत पाटी: ‘काउन्सेलर’. तपासणीला आलेल्या मंडळींना ती चटकन दिसावी, ही त्यातली सोय. पण त्या दारातून आत शिरणारं मूल फी भरायला आलेल्या पालकांना दिसतं, सही घ्यायला आलेल्या शिक्षकांना दिसतं आणि पाण्याच्या टाकीपाशी रेंगाळणाऱ्या वर्गमित्रांनाही दिसतं. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात बातमी पोचलेली असते. त्यानंतर ते मूल परत येत नाही आणि वर्षअखेरीच्या अहवालात ‘आमच्या विद्यार्थ्यांना विशेष अडचणी नाहीत’ असं लिहिलं जातं.

मुलं आत आल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो त्यांच्या त्रासाबद्दल फार क्वचित असतो. “मॅम, पण कुणाला कळणार नाही ना?” हा तो प्रश्न. या सेवेचं बाकी सगळं, म्हणजे पदविका, चाचण्या, भिंतीवरची रंगीत पोस्टरं, या एका प्रश्नाला किती खरं उत्तर मिळतं त्यावर उभं असतं.

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलासाठी हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. रामबाग, तिलकनगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर: वस्त्या लांबलांब, पण माणसं कुठून ना कुठून एकमेकांची निघतात. गणपतीत आरतीला भेटतात, हळदीकुंकवाला भेटतात, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. समुपदेशक मराठी असेल तर मुलीची आजी पहिल्याच पालकसभेत विचारते, “तुम्ही अमक्यांच्या सूनबाई ना?” आजीला त्यात आपुलकी वाटते. नववीतल्या मुलीला मात्र तिथेच घाम फुटतो, कारण आता तिचं गुपित आणि आजीचं भजनी मंडळ यांच्यात फक्त एक माणूस उरलेला असतो. आपली भाषा बोलणारी मॅडम मिळाली म्हणजे मूल मोकळं होईल, हे अर्धंच खरं आहे. काही मुलं मुद्दाम हिंदी बोलणाऱ्या मॅडमकडे जातात, आणि ते त्यांचं अगदी शहाणपणाचं गणित असतं.

म्हणून आधी खोलीच. ती वाचनालय, चित्रकलेचा वर्ग किंवा संगणककक्ष अशा ठिकाणाशेजारी असावी, जिथे मूल एरवीही जातं आणि ‘इथे काय करतोयस?’ असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं. दाराला वरच्या भागात काच हवी: आत दोघं बसलेले दिसले पाहिजेत, शब्द मात्र ऐकू येता कामा नयेत. यात मुलाचं संरक्षण आहे, तसंच मोठ्या माणसाचंही. पंखा आवाज करणारा असेल तर बदलू नये, दाराबाहेर बोलणं पोचत नाही. खुर्च्या सारख्या उंचीच्या आणि एकमेकींशी थोड्या तिरक्या ठेवाव्यात. मधे टेबल आणि पलीकडे फिरती खुर्ची अशी मांडणी केली की मुलाला ते प्राचार्यांचंच दुसरं केबिन वाटतं. समोरासमोर बसलं की मुलाला सतत डोळ्यांत पाहावं लागतं. तिरकं बसलं की खिडकीकडे बघत बोलता येतं. घड्याळ मुलाच्या मागच्या भिंतीवर असावं, म्हणजे समुपदेशकाला मनगटाकडे पाहावं लागत नाही. त्या एका नजरेने पुष्कळ मुलं वाक्य अर्धवट सोडतात.

बोलवायची पद्धत हा दुसरा घोटाळा. चालू तासात शिपाई येऊन मोठ्याने नाव घेतो, “काउन्सेलर मॅडम बुला रही हैं,” आणि अख्खा वर्ग ‘ओऽऽ’ करतो. यावर उपाय साधा आहे. वाचनालय, कार्यालय, वैद्यकीय कक्ष आणि समुपदेशन या चारही ठिकाणांहून जाणारी चिठ्ठी एकाच रंगाची आणि एकाच आकाराची छापून घ्यायची. वर फक्त नाव, वर्ग, वेळ. तास निवडतानाही डोकं लावावं लागतं. खेळाच्या तासाला बोलावलं तर आठवड्यातला एकुलता एक मजेचा तास जातो. दर वेळी गणिताच्याच तासाला बोलावलं तर महिन्याभरात गणित मागे पडतं आणि नवीनच काळजी तयार होते. तास फिरते ठेवावेत आणि एक बैठक ३५ ते ४० मिनिटांची, म्हणजे एका तासात मावणारी असावी. शेवटची पाच मिनिटं रडू आवरायला, तोंड धुवायला राखून ठेवावीत. लाल डोळ्यांनी वर्गात परत जाणं ही मुलांच्या लेखी शिक्षाच असते.

पहिल्या भेटीत मुलाने तोंड उघडण्याआधी काय बोलायचं, हे ठरलेलं हवं. गोपनीयतेचं वचन सरसकट देता येत नाही. “तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. तीन गोष्टी मात्र राहणार नाहीत: तू स्वतःला इजा करशील असं वाटलं तर, तू दुसऱ्या कुणाला इजा करशील असं वाटलं तर, आणि तुला कुणी त्रास देतंय, नको तिथे हात लावतंय असं कळलं तर. तेव्हा मला मोठ्या माणसांना सांगावंच लागेल. पण कुणाला आणि काय सांगणार, ते आधी तुला सांगेन.” एवढंच. नवीन समुपदेशक दयेपोटी “मी कुणालाही सांगणार नाही” म्हणून जातात आणि तिसऱ्या भेटीत मुलगी ट्यूशनच्या सरांबद्दल सांगते. आता वचन मोडलं तर मुलीचा विश्वास जातो, पाळलं तर कायदा मोडतो.

कारण मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. लैंगिक गुन्हा घडल्याची माहिती असो की तो घडेल अशी नुसती शंका असो, विशेष बालपोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. शाळा इथे ठराविक चूक करतात: आधी ‘अंतर्गत चौकशी’. मुलीला वर्गशिक्षिका विचारते, मग पर्यवेक्षक, मग प्राचार्य, मग संचालक मंडळातलं कुणीतरी. चौथ्यांदा सांगेपर्यंत तपशील पुढेमागे झालेले असतात आणि पुढे कोर्टात तेच तिच्या विरुद्ध जातात. समुपदेशकाचं काम इथे फार थोडं आणि फार नेमकं आहे. ऐकायचं, सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत (“त्यांनीच केलं ना?” हा असा प्रश्न), तिचे शब्द तिच्याच भाषेत जसेच्या तसे लिहायचे, तारीख-वेळ घालायची आणि कळवायचं. जबाब घ्यायला पोलीस साध्या वेशात मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी येतात, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची महिला अधिकारी, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे सगळं कायद्यातच आहे. पालकांना ते सांगितलं की त्यांची निम्मी भीती तिथेच ओसरते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक तर प्रत्येक वर्गात लावलेला हवा, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही. तिथे मुलं एकटी असतात आणि निवांत वाचतात.

आता भाषेकडे येऊ, कारण इंदुरात हा भाग पुस्तकातून शिकता येत नाही. मराठी घरातलं मूल इथे घरी मराठी बोलतं, मित्रांशी आणि भांडणात हिंदी, आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी. भावनाही त्याच हिशोबाने वाटल्या गेलेल्या असतात. शाळेतला अपमान हिंदीत येतो, “सबके सामने बोल दिया.” आईवरचा राग मराठीत. मूल मध्येच भाषा बदलतं तेव्हा ते कोणत्या वाक्यापाशी बदललं ते टिपून ठेवावं. पुष्कळदा खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.

एक उदाहरण वारंवार येतं. मूल म्हणतं, “मॅम, मन नहीं लगता.” हिंदीत हे वाक्य इतकं सोयीचं आहे की त्यात काहीही बसतं. मराठीत त्याचे निदान तीन तुकडे पडतात. लक्ष लागत नाही? करमत नाही? की काही नकोसंच वाटतं? पहिल्यात झोप, मोबाइल, डोळ्यांचा नंबर, अभ्यासाची पद्धत तपासायची. करमत नाही म्हणणारं मूल बहुधा नुकतंच शाळा किंवा गाव बदलून आलेलं असतं, किंवा जिवलग मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेलेली असते. त्याला माणसं हवी असतात. आणि नकोसं वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, जेवण-झोप बदलली, आवडीची गोष्टही आवडेनाशी झाली, तर मामला समुपदेशकाच्या हातून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचा. मराठी मुलाला हे तीन शब्द नुसते समोर ठेवले तर ते बोट ठेवून सांगतं. ही चाचणी कुठल्या प्रश्नावलीत नाही, पण चालते.

लहान मुलं तर शरीरातूनच बोलतात. पोटात गोळा येतो, कसंसं होतं, मळमळतं. सोमवारी सकाळी बसच्या वेळेला दुखणारं आणि अकराच्या सुमाराला थांबणारं पोट ‘नाटक’ असतंच असं नाही. दुखतं ते खरंच दुखतं. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. मग दोन आठवडे एक साधा तक्ता ठेवावा: वार, वेळ, त्या दिवशीचे तास, बसमधली जागा. उत्तर बऱ्याचदा तिसऱ्या तासात सापडतं किंवा बसच्या मागच्या सीटवर.

मुलं समुपदेशकाकडे येतात ती चार वाटांनी: आपण होऊन, शिक्षकांनी पाठवल्यामुळे, पालकांनी आणल्यामुळे आणि मित्राने ओढत आणल्यामुळे. चौथी वाट सर्वांत भरवशाची. मित्रांना सगळं आधी कळलेलं असतं. शिक्षकांच्या वाटेत मात्र सुधारणेला भरपूर वाव आहे. संदर्भपत्रात शिक्षक लिहितात, ‘उद्धट आहे, लक्ष देत नाही, घरचं वातावरण बरोबर नाही.’ यातून काहीही हाती लागत नाही. ‘वीस मिनिटांत पाच वेळा जागेवरून उठला, तीन वेळा खिडकीपाशी गेला, फळ्यावरचं लिहून घ्यायला सांगितल्यावरच उठतो, तोंडी काम असलं की बसतो,’ असं लिहिलं तर अर्धं निदान झालंच. कदाचित त्याला फळा दिसतच नसेल. शिक्षकांच्या पहिल्या प्रशिक्षणात एवढीच गोष्ट शिकवावी: जे पाहिलं ते लिहा, जे वाटलं ते लिहू नका. मग खुणा आपोआप दिसू लागतात. अक्षर एकदम बिघडलं, डबा तसाच परत जातोय, जूनच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आवडती पेनं-वह्या वाटून टाकल्या, शौचालयाला जायची परवानगी नेमकी एकाच तासाला.

अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात येणाऱ्या अडचणीचं, प्रकरण इंदूरच्या मराठी मुलांत थोडं वेगळं गुंततं. ‘मेरा पुस्तक’, ‘उसका आवाज’ असं लिहिणारं किंवा बोलणारं मूल हिंदीच्या बाईंना कच्चं वाटतं. पण मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आणि आवाज पुल्लिंगी. हिंदीत दोन्ही स्त्रीलिंगी. आजोबांनी घरी हौसेने मराठी लिहायला शिकवलेलं मूल हिंदीतही ‘कवी’, ‘गती’ असं दीर्घ लिहितं आणि लाल खूण खातं. ही घरच्या भाषेची सावली आहे, अक्षमता नाही. खरी शंका तेव्हा घ्यायची जेव्हा मूल घरच्या भाषेतही अडखळतं: तिसरीनंतरही जोडाक्षरं फुटतात, एकाच परिच्छेदात एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला जातो, तोंडी उत्तर फर्मास आणि लेखी कोरं.

तेव्हा क्रम असा. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. मग समुपदेशकाने प्राथमिक चाळणी करायची, निदान करायचं नाही. निदान हे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञाचं काम. मग सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि त्या आधारावर सीबीएसई तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं जादा, लेखनिक, दोनऐवजी एकाच भाषेची सवलत देतं. आता चूक कुठे होते? पालक दहावीच्या डिसेंबरात येतात. तोवर अर्ज-कागदपत्रांची वेळ निघत चाललेली असते, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाने लेखनिकाबरोबर एकही सराव केलेला नसतो. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. विरामचिन्हं, आकृतीचं वर्णन, ‘मागच्या ओळीत जा’ हे सगळं सांगावं लागतं. आठवीत निदान, नववीच्या नोंदणीत सवलत आणि नववीच्या प्रत्येक परीक्षेत सराव, एवढं झालं तरच दहावीत त्या ६० मिनिटांचा उपयोग होतो.

परीक्षेच्या भीतीवर जानेवारीत सभागृहात भाषण ठेवायची पद्धत आहे. ‘घाबरू नका’ असं माइकवरून सांगितल्याने कुणाची भीती गेल्याचं ऐकिवात नाही. त्याऐवजी सहा ते आठ मुलांचा गट, ऑक्टोबरपासून आठवड्याला एक, अशा सहा बैठका. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, रोज पाच मिनिटं. हे महिनाभर अंगवळणी पडलं तरच परीक्षेच्या सकाळी कामाला येतं. आयत्या वेळी शिकवलेल्या श्वासाने उलट धडधड वाढू शकते. सीबीएसईत लिहायच्या आधी प्रश्नपत्रिका वाचायला १५ मिनिटं मिळतात, ती कशी वापरायची याची तालीम घ्यावी: कोणत्या प्रश्नाने सुरुवात करायची त्यावर खूण, कोणता शेवटी त्यावर खूण. डोकं कोरं झालं तर समासाच्या रफ जागेत त्या धड्यातले आठवतील ते चार शब्द लिहायचे. हात चालू झाला की आठवण मागून येते.

जिवाच्या जोखमीचा प्रसंग आला तर एकही पायरी गाळता येत नाही. मुलाच्या बोलण्यात ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही आलं, की सरळ विचारायचं: “तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट कुणीतरी अखेर विचारलं म्हणून सुटका वाटते. मग पुढचे प्रश्न: कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं आहे का, साधन जवळ आहे का. उत्तर कसंही येवो, मुलाला एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहातसुद्धा सोबत. पालकांना त्याच दिवशी शाळेत बोलवायचं, फोनवर सगळं सांगायचं नाही आणि मुलाला बसने घरी पाठवायचं नाही. मूल थेट पालकांच्या हाती सोपवायचं. घरात काय काय हाताशी येण्याजोगं आहे आणि ते कुठे कुलूपबंद करायचं, हे पालकांबरोबर बसून, लिहून ठरवायचं. मुलाबरोबर एक कागद करायचा: विचार वाढतायत हे मला कसं कळतं, मी एकटा काय करू शकतो, कुणाजवळ जाऊन बसू शकतो, कुणाला सांगू शकतो, डॉक्टर आणि फोन नंबर. त्या कागदावर टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ असतोच. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि भाषा निवडता येते. इंदुरात एमवाय हॉस्पिटल आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. नावं ऐकून पालक दचकतात. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की शेजारी काय म्हणतील ते आधी आठवतं. त्यांना घाई करू नये, पण त्या दिवशीची भेट पुढेही ढकलू देऊ नये.

मूल शाळेत परत येतं तेव्हा काही शाळा हळूच टीसीचा, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा, विषय काढतात. जबाबदारी नको, हा त्यातला अर्थ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने तर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायला सांगितलं आहे. शाळेने त्याहून कठोर व्हायचं कारण नाही. परतीचा आठवडा आखून ठेवावा. पहिले तीन दिवस अर्धी शाळा, बुडालेल्या चाचण्या माफ, एक ठरलेला शिक्षक, आणि ‘कुठे होतास?’ या प्रश्नाचं मुलाने स्वतः निवडलेलं उत्तर. शिक्षकांना कारण सांगायची गरज नसते, कृती सांगायची असते. “दोन आठवडे त्याला फळ्यापाशी उभं करू नका, बाहेर जायची परवानगी मागितली तर द्या, पण पाच मिनिटांत परत आला नाही तर मला कळवा,” इतकं पुरतं. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर कारण सांगितलं गेलं की पुढच्या वर्षभराची मेहनत पाण्यात जाते.

नोंदींचंही तेच. दोन वह्या ठेवाव्यात. एकीत फक्त तारीख, वर्ग, वेळ. ती तपासणीला दाखवता येते. दुसरी कुलपात, तिच्यावर नाव न घालता क्रमांक, आणि आत अंदाज-शेरे कमी, मुलाचे शब्द जास्त.

पालकांशी बोलताना मराठी घरात एक वाक्य येणार हे धरूनच बसावं: “आमच्या वेळी असं काही नव्हतं.” वाद घालू नये. “तुमच्या वेळी घरात संध्याकाळी किती माणसं असायची?” असं विचारलं तर ते स्वतःच हिशोब मांडू लागतात. आई-बाबा दोघांना बोलवावं, घरात आजीचा शब्द चालत असेल तर आजीलाही. भेटीअखेर एकच बदल सांगावा. सात सूचनांची यादी फ्रिजवर चिकटते आणि तिथेच राहते. बहुतेक वेळा तो एक बदल झोपेचा असतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास लागतात. सकाळी साडेसहाची बस, दुपारी घर, चार ते आठ कोचिंग, मग गृहपाठ; बेरीज करून दाखवली की वडील कागदाकडे बघत राहतात.

कोचिंगचा विषय इंदुरात टाळता येत नाही. भंवरकुआँ आणि गीता भवनच्या बाजूला खंडवा, खरगोन, बुरहानपूरहून आलेली मुलं राहतात. बुरहानपूरकडची काही तर घरी मराठीच बोलणारी. शाळेत नाव, हजेरी कोचिंगात, म्हणजे शाळेच्या समुपदेशकाला ही मुलं दिसतच नाहीत. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी १६ वर्षांखालच्यांना कोचिंगात प्रवेश नको म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत, कोचिंगसकट, निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असं सांगितलं, आणि गुणांवरून तुकड्या पाडू नयेत असंही. करिअरबद्दल शाळेत बोलायचं ते दहावीच्या निकालानंतर नको, नववीच्या शेवटी बोलावं. जेईई मेन सलग तीन वर्षं देता येते, अ‍ॅडव्हान्स्ड दोनदाच, नीटला वेळांची मर्यादा नाही. मर्यादा नसणं हे काही घरांत वरदान नसतं. चौथ्यांदा बसायचं की नाही हे पहिल्यांदा बसण्याआधीच घरात ठरलेलं बरं. आपल्याच गावात आयआयएमने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, हे आयआयएम जिथे आहे त्या राऊकडे रोज बघणाऱ्या घरांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

आणि हे सगळं करायला माणसं किती? सीबीएसईच्या २०१८ च्या मूळ संलग्नता नियमांनुसार पूर्णवेळ समुपदेशक हवा होता. नववी ते बारावीत ३०० हून कमी मुलं असतील तर तेव्हा अर्धवेळ चालत असे. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे. आपल्याकडची १२०० मुलांची शाळा घ्या. आठवड्याचे ४० तास. त्यातले १० वर्गातले, ६ पालक-शिक्षक भेटींचे, ४ नोंदींचे, उरले २०. शिक्षक रजेवर गेले की ‘अरेंजमेंट’चे ५ तास समुपदेशकाच्याच गळ्यात. राहिले १५. परीक्षा, स्नेहसंमेलन वजा जाता ३० आठवडे धरले तर वर्षाला ४५० बैठका. एका मुलाला सरासरी सहा लागल्या तर ७५ मुलं. शंभरातली सहा. अरेंजमेंटचे तास काढून घेतले तर हाच आकडा १०० होतो, एक पैसाही न खर्चता. त्यातून समुपदेशकाला शिस्त समितीवर बसवलं तर मग या आकड्यांनाही अर्थ उरत नाही. ज्या माणसाने सकाळी मोबाइल जप्त केला त्याच्यापाशी दुपारी कोण मन मोकळं करील?

निकालाच्या दिवशी मात्र समुपदेशकाची सुट्टी रद्द. आधीच दहा-बारा नावांची यादी तयार हवी, निकाल लागताच त्यांनाच फोन, त्यांच्या फोनची वाट न बघता. हाताशी माहिती हवी: मध्य प्रदेश मंडळाने २०२५ पासून त्याच वर्षी दुसरी परीक्षा सुरू केली आहे, त्याआधी २०१६ पासून राज्य मुक्त शाळेची ‘रुक जाना नहीं’ योजना होती, सीबीएसईची दहावी २०२६ पासून वर्षातून दोनदा. नापास झालेल्या मुलाला त्या तासाला धीराचे शब्द ऐकूच येत नाहीत. “पुढचा फॉर्म कधी भरायचा” हे ऐकू येतं.

राहता राहिला शेवट, म्हणजे मुलाचं येणं थांबवणं. ते अचानक करू नये. आठवड्याची भेट पंधरवड्यावर, मग महिन्यावर, मग ‘वाटलं तर ये’. एप्रिलमध्येच मे महिन्याचं बोलून ठेवावं: सुट्टीत त्रास झाला तर कुणाकडे जायचं, जूनमध्ये पहिली भेट कधी. आणि एक गोष्ट पहिल्याच भेटीत विचारून ठेवलेली असावी: “आपण बाहेर भेटलो, व्हरांड्यात, राजवाड्यावर, कुणाच्या लग्नात, तर मी ओळख दाखवू का?” काही मुलं हो म्हणतात. बरीच मुलं नाही म्हणतात. मग गणपतीच्या आरतीला ती मुलगी आईशेजारी उभी असते, आई समुपदेशकाला ओळखत नाही, आजी नेहमीसारखी “सूनबाई, कशा आहात?” विचारते, आणि समुपदेशकाने आजीशी दोन शब्द बोलून, मुलीकडे अनोळखी पोरीकडे बघावं तसं बघून, प्रसादाच्या रांगेत पुढे सरकायचं असतं.